चौथ्यांदा बांधलेली खोकी

डोलोन घाटात गाडी तिसऱ्यांदा थांबली तेव्हा कुबातचा धीर सुटला.

"आबिलदादा, अहो काढा ना पुढं! बर्फ काय आज पहिल्यांदा बघताय?"

एरवी आबिलने अशा वेळी एक सणसणीत शिवी हासडली असती. आज तो नुसता "साखळ्या लावतो चाकांना, दोन मिनिटं थांब हं" म्हणाला आणि खाली उतरला. चार सीटा भरल्याशिवाय बिश्केक न सोडणारा हा माणूस आज एकट्या कुबातला घेऊन निघाला होता.

सकाळी चुलतभाऊ मेदेरचा गावाकडून फोन आला होता. "बाबांची तब्येत जरा नरम आहे. विशेष काही नाही, पण ये. आबिलदादाला सांगून ठेवलंय. स्वतः गाडी चालवू नकोस."

"बाबांना दे फोन."

"बाबा ताईजवळ बसलेत. तू नीघ आधी."

कुबात काही दूधखुळा नव्हता. त्याच्या डोंगरात मरणाची बातमी फोनवर कुणी देत नाही. 'जरा नरम आहे' म्हणतात, सोबतीला जाणतं माणूस देतात, आणि उरलेलं घरी पोचल्यावर कळतं. पाच वर्षांपूर्वी शेजाऱ्याला त्यानेच असं घरी आणलं होतं, वाटभर हवापाण्याच्या गप्पा मारत.

तीन वर्षं झाली बिश्केकला फ्लॅट घेऊन. बाबांना आणि जिपारताईला तिकडंच आणायचं ठरलं होतं. आई गेली तेव्हा कुबात चार वर्षांचा. ताईनेच त्याला वाढवलं आणि नवऱ्याने टाकल्यावर ती पुन्हा माहेरी येऊन बाबांचं करत राहिली. "या वसंतात नेतो," कुबात म्हणायचा. मग मुलीची शाळा निघायची, मग रंगकाम, मग सासूबाईंचं आजारपण. बायको म्हणाली होती, "जमणार नाही म्हणून एकदाचं सांगून टाक ना त्यांना." ते सांगायचीही त्याला हिंमत झाली नव्हती.

ताईचे सात निरोप फोनमध्ये न ऐकलेले पडले होते. तिच्या बोलण्याला अंत नसायचा, म्हणून तो ते साठवून ठेवायचा आणि मग विसरायचा. आज निदान बाबांचा आवाज तरी मागे कुठं ऐकू येईल म्हणून त्याने पहिला लावला.

"कुबात, ऐक रे. कमरेइतका बर्फ पडलाय बघ. गाईंचं गोठलेलं पाणी रोज कुऱ्हाडीने फोडते. आणि तुझ्याकडे यायची खोकी बांधली हो परत! चौथी खेप ही. आता पातेलं लागलं की दोरी सोडायची, रांधलं की पुन्हा बांधायची." ती खळखळून हसली. मागून बाबा ओरडले, "विचार त्याला, मी काय लोणचं आहे का, बरणीत घालून न्यायला?"

कुबातला हसू आलं. बाबांचं ते एक वाक्य त्याने तीनदा ऐकलं.

शेवटचा निरोप परवाचा होता. "मेदेरला किती सांगायचं छपरावरचा बर्फ काढ म्हणून? शेवटी मीच चढते. काल जरा घसरले, नुसतं खरचटलं. ते जाऊ दे. बाबांचा खोकला काही हटत नाही रे. गाडी मिळेल तेव्हा ये. भांडणार नाही मी, शपथ."

बाबांचा खोकला. कुबातने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. परवाच ऐकलं असतं, तर काल निघता आलं असतं. काल आभाळही मोकळं होतं.

घाट उतरल्यावर आबिलने भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. "खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"दादा, खरं सांगा. बाबा गेले ना?"

"मी ड्रायव्हर माणूस. मला रस्ता बघू दे."

"मी फसवलं हो त्यांना. तीन वर्षं म्हाताऱ्याला नुसतं झुलवलं." कुबात ढसाढसा रडू लागला. आबिलने त्याला अडवलं नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसून कुबात म्हणाला, "ताईला मात्र आता मागे ठेवणार नाही. सुतकाचा आठवडा झाला की लगेच नेतो. बायको काय म्हणायचं ते म्हणू दे. ताईला दक्षिणेची खोली देईन, ऊन येतं तिथं. बास झालं तिचं कुऱ्हाडीने पाणी फोडणं."

आबिल स्वच्छ काच बाहीने पुसत राहिला. "भाकरी खा, बाळा," एवढंच म्हणाला.

गावात शिरले तेव्हा बर्फ थांबला होता. घरासमोरच्या अंगणात पांढरा लोकरी तंबू उभा होता. भर हिवाळ्यात तो एकाच कारणासाठी उभा करतात. त्याच्या कडेला कोटावरून कंबरपट्टे बांधलेले पुरुष काठ्यांवर ओणवून ओळीने उभे होते. आतून बायकांच्या विलापाचा सूर येत होता.

आता शंकेला जागाच उरली नाही. गेलेल्या माणसाला नात्याने हाक मारत, रडत धावत जायचं, ही रीत कुबातला कुणी शिकवायला नको होती. गाडी पुरती थांबायच्या आत त्याने उडी टाकली.

"बाबा! माझे बाबा हो! उशीर केला मी, बाबा!"

एरवी अशा हाकेला सगळी ओळ हंबरड्याने साथ देते. आज कुणीच दिली नाही. मेदेरने मान खाली घातली. कुबात धावता धावता बर्फात गुडघ्यांवर पडला, तरी त्याची हाक थांबली नव्हती.

ओळीच्या टोकाचा म्हातारा काठी टेकत, खोकत पुढे आला. त्याने वाकून कुबातचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"बाबा नको रे म्हणूस," तो म्हणाला. "ताई म्हण, पोरा. ताई म्हण."