आयतं शिफारसपत्र

युरोपातल्या विद्यापीठात संशोधकाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. सर म्हणाले, "शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही ठोकतो." मी लिहिलं, त्यांनी न वाचताच सही केली. नोकरी मिळाली सरांच्या जावयाला, जो आमच्याच प्रयोगशाळेत नुसत्या पाट्या टाकायचा.

निरोपसमारंभात विभागप्रमुखांनी जावयाचं शिफारसपत्र कौतुकाने वाचून दाखवलं. शब्दन् शब्द माझा, नाव तेवढं बदललेलं. "वडील वारले त्या दिवशीही यांनी प्रयोग अर्धवट सोडला नाही," हे माझ्या बाबांबद्दलचं वाक्य आलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला तिथेच थुंकावंसं वाटलं.



सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते जावयाचे वडील. पहिल्याच रांगेत बसले होते, तोंडात केक कोंबून.