डोर्काने न दाबलेला रस्ता

बाण संपले तशा कुऱ्हाडी बाहेर आल्या.

एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधे सिंबू मुलखाच्या डोंगरातला तो एकच रस्ता. वर रस्त्यावर रोलर चालवणाऱ्या डोर्काच्या नवऱ्याचं कुळ, सगळ्यांत पुढे तिचा पोरगा सिऊने. खाली तिचं माहेर, सगळ्यांत पुढे तिचा भाऊ काउपा. लढाईत मामा-भाच्याने एकमेकांच्या आडवं जायचं नाही, अशी तिथली रीत. पण सकाळी सिऊनेच्या बाणाने काउपाच्या मुलाचा डोळा गेला. मग कसली रीत अन् कसलं काय! काउपाला आता भाच्याचं मुंडकंच हवं होतं.

दोन्ही कुळांच्या मधे, कड्यापासून दरीपर्यंत, नुकतीच अंथरलेली डांबराची खडी वाफाळत पडली होती. तिच्या कडेला रोलर. रोलरवर डोर्का, दगडासारखी.

“दाब ना गं!” मुकादम बोमाई खेकसला. “गरम आहे तोवर डांबर तेलासारखं, खडी सरकून घट्ट बसते. निवलं की चिकट गोंद! मग तुझा बाप येऊन दाबणार आहे?”

डोर्का हलली नाही.

खालच्या कुळातल्या एकाने अनवाणीच उडी घेतली. सुटी खडी पायाखालून सरकली, तो घोट्यापर्यंत रुतला. किंचाळत माघारी फिरला, तेव्हा तळव्यांची कातडी मागेच राहिली होती.

बोमाई रोलरवर चढला. “भवाने, भीतीने अक्कल गेली का तुझी? सगळा माल नासतोय!” त्याने तिला केस धरून ओढलं. तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. त्याने ठोसा हाणला, तिचा ओठ फाटला. तशीच वाकून तिने रोलरची किल्ली उपसली आणि दरीत भिरकावली.

दोन्हीकडून आईबापांचा उद्धार चालला होता. दगड येत होते, जात होते. एक डोर्काच्या खांद्यात बसला. ती तिथेच बसून राहिली.

पोलिसांची गाडी आली, बंदुका आभाळात कडाडल्या, तेव्हा डांबर अजून पुरतं निवलं नव्हतं. पण त्याची ढेकळं झाली होती. आता ते उखडूनच टाकावं लागणार होतं.

काउपाने कुऱ्हाड जमिनीवर आपटली. “अक्के! जन्मभर रस्ते केलेस, अन् हा असला? पाऊल टाकवत नाही याच्यावर!”

डोर्का तोंडातलं रक्त थुंकली.

“टाकू नये म्हणूनच केलाय, मेल्या!”