लाल लेमोनेड

नूलाने पबचे दार ढकलले आणि आतला कल्लोळ तिच्या अंगावर कोसळला. भिंतीवरच्या पडद्यावर हर्लिंगचा, आयर्लंडच्या त्या काठी-चेंडूच्या खेळाचा, अंतिम सामना शेवटाला आला होता. क्लेअरचा, त्यांच्या परगण्याचा, संघ एका गुणाने मागे होता, आणि केशरी-निळे सदरे घातलेले सारे गाव एकाच छातीने श्वास घेत होते. नूलाला गुणांशी कर्तव्य नव्हते. तिची नजर खांद्याखांद्यांतून वाट काढत काउंटरपर्यंत गेली आणि तिथेच थिजली. उंच स्टुलावर, जमिनीला न पोचणारे पाय लोंबकळत ठेवून, तिची नऊ वर्षांची ओर्ला बसली होती. शेजारी ओर्लाचा बाप, नूलाचा नवरा फिंटन.

बाहेर गाडीच्या डिकीत दोन बॅगा होत्या. एक नूलाची, एक ओर्लाची. फिंटनने पिणे सोडले त्याला अख्खा उन्हाळा लोटला होता, आणि त्या एका भरवशावर ती त्या घरात राहिली होती. सामना पाहायला भावाकडे जातो, असे सांगून आज बाप-लेक निघाले. मागाहून नूला कामासाठी बाहेर पडली, तेव्हा वाटेत तिला फिंटनच्या भावाच्या, कॉल्मच्या, दाराला कुलूप दिसले. तिला काही विचारावे लागले नाही. ती घरी परतली आणि तिने बॅगा भरल्या. लग्नाआधी तिने फिंटनला एकच अट घातली होती : आपले मूल कधीही बारमध्ये बसणार नाही.

ती अट कुठून आली, हे फक्त तिला ठाऊक होते. तिच्या लहानपणीचे रविवार याच दारासमोर, वडिलांच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर संपत. वडील तिच्या हाती लाल लेमोनेडची बाटली आणि वेफर्सचे पाकीट देत, एकच ग्लास घेऊन येतो म्हणत, आणि या दारामागे नाहीसे होत. लेमोनेड सरे. काचा तिच्या श्वासाने धुरकट होत. ती त्यांवर बोटाने घर काढी आणि तळहाताने पुसून टाकी. आतून हसणे ऐकू येई. त्या हसण्यात वडिलांचे हसणे कोणते, हे ती ओळखू लागली होती.

एवढ्यात क्लेअरने बरोबरी साधली. पब अक्षरशः उसळला. कॉल्मने काउंटरवर मूठ आपटून सगळ्यांसाठी एकेक ग्लास मागवला, आणि काळ्या बिअरचे फेसाळलेले ग्लास हातोहात सरकू लागले. त्यांतला एक फिंटनपुढे येऊन थांबला. असा आलेला ग्लास या गावात कोणी परतवत नाही. ग्लास नाकारणे म्हणजे देणाऱ्या माणसाला नाकारणे. फिंटन त्या फेसाकडे पाहत राहिला. आणि मग ओर्लाचा हात त्या ग्लासाकडे गेला.

नूलाने समोरच्या माणसाला ढकलले. ती काउंटरपाशी पोचली तेव्हा ओर्लाने दोन्ही हातांनी तो जड ग्लास उचलून पलीकडे सरकवला होता. पलीकडे पबचा म्हातारा मालक मॉसी उभा होता. पडद्यावरून नजर न हलवता त्याने ग्लास खाली मोरीत रिकामा केला आणि फिंटनपुढे लाल लेमोनेड ठेवले. दोघांचे हात सरावाने चालत होते. मोरीच्या कडेला तसेच आणखी काही ग्लास उपडे पडलेले होते.

"काय रे, मास्तरीणबाईंना घेऊन आलास वाटतं," ओर्लाकडे बोट करत कॉल्म भावाला टोचून म्हणाला. पण दुसरा ग्लास त्याने मागवला नाही. लेकरू शेजारी बसलेल्या माणसाला आग्रह करणे, हेही या गावात होत नाही.

फिंटनने मान वळवली आणि त्याला नूला दिसली. त्याचा चेहरा उतरला. भावाने ऐन वेळी इथे यायचे ठरवले, असे तो पुटपुटला. मग म्हणाला, "एकट्यानं आत यायचं धाडस होईना, नूला."

ती मॉसीकडे वळली. "तुम्हाला तरी कळायला हवं होतं. लहान मुलीला इथं बसवतात?"

मॉसीने ग्लास पुसायचे थांबवले. "तुझ्या बापाला मी दर रविवारी सांगायचो, पोरी. लेकराला बाहेर थंडीत का ठेवतोस, इथं आणून बसव माझ्यासमोर. तर म्हणायचा, ती शेजारी बसली तर माझ्या घशाखाली थेंब उतरायचा नाही."

कुणीतरी त्यांना गप्प बसवले. शेवटचा फटका क्लेअरला मिळाला होता. हा एक चेंडू खांबांमधून गेला की अजिंक्यपद. मैदानावरचा पोरगा चेंडूवर वाकला, आणि पबमध्ये अशी शांतता पसरली की ग्लासांतला फेस विरताना ऐकू यावा. सगळे चेहरे पडद्याकडे होते. फिंटनचासुद्धा. लहान मुलासारखे त्याचे तोंड उघडे राहिले होते.

फक्त ओर्लाची पाठ पडद्याकडे होती. हर्लिंगची काठी उशाशी घेऊन झोपणारी, क्लेअरच्या प्रत्येक खेळाडूचे नाव पाठ असणारी ओर्ला. तिचे डोळे काउंटरवर, जिकडून ग्लास येत त्या टोकाला खिळले होते. ते डोळे नूलाने पूर्वी पाहिले होते, धुरकट काचेवर काढलेल्या घराच्या आत, स्वतःच्याच प्रतिबिंबात.

तिने गाडीची किल्ली खिशात टाकली. ओर्लाला अलगद उचलून तिने पडद्याकडे तोंड करून बसवले, आणि स्वतः शेजारचे स्टूल ओढले.

"तू सामना बघ, बाळा," ती हलकेच म्हणाली. "बाबांच्या ग्लासाकडे मी बघते."