दौलतरावांचं ताट

तेराव्यानंतर घरात पहिल्यांदाच मटण शिजलं. हौसाबाईंनी नवऱ्याच्या ताटात रस्सा वाढून ते त्याच्या फोटोपुढे ठेवलं. ताटाच्या बुडातल्या इवल्याशा प्रयोगशाळेने रस्सा तपासला, त्यात घातक जंतू नाहीत अशी खात्री केली आणि गोड आवाजात सांगितलं, "मटण ताजं आहे. दौलतराव, बिनधास्त जेवा."

जेवणारा जिवंत आहे का, हे तपासायची सोय मात्र त्यात नव्हती.

पाहुण्यांचे हात थांबले.

"ह्याचा आवाज कुणी सुरू केला?" हौसाबाईंनी मुलाला विचारलं.

"मीच, आई. सगळ्याच ताटांचा केलाय," रणजित म्हणाला.

दौलतरावांना शिळं मटण फार प्रिय. ताट दर वेळी बोंब मारायचं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अगं, ह्याचं तोंड बंद कर. तुझी आईसुद्धा एवढं बोलत नव्हती!" हौसाबाईंनी हसत हसत बटण दाबलं. त्याच जेवणातून विषबाधा झाली आणि दौलतराव गेले.

"दौलतराव, रस्सा निवतोय," ताट म्हणालं.

रणजित बटण दाबायला वाकला. हौसाबाईंनी त्याचा हात धरला.

"राहू दे. बोलू दे त्याला," त्या म्हणाल्या. "तेव्हा मीच गप्प बसवलं होतं."