उलट उत्तराचा वेग

बायकोला मॅरेथॉन पळायची होती. कोच म्हणाले, "घड्याळ ठेवा घरी. पळता पळता बोलता येतंय, तोच तुमचा वेग. बोलती बंद झाली, की समजा फार जोरात पळताय."

बोलायला कुणीतरी हवं, म्हणून माझ्या आईने स्कूटर काढली. मी शहाणा, मी अंथरुणातच राहिलो.

रोज सकाळी ही पळायची आणि आई शेजारून स्कूटर रांगवत विचारायची, "टॉवेल बोळा करून वाळत घालतेस, माहेरी असंच करतात का गं?"

"माहेरी दुसऱ्यांचे टॉवेल कुणी तपासत नाही!" एका दमात उत्तर आलं, की वेग बरोबर. उत्तर अडखळलं, की आई ओरडायची, "हळू!"

शर्यतीत स्कूटरला बंदी होती. आई शेवटच्या वळणावर जाऊन उभी राहिली. सून दिसताच तिने ठेवणीतलं काढलं, "तुझ्या आईने तुला शिकवलं तरी काय?"

ही नुसती गोड हसली आणि पुढे निघून गेली.



आई दोरी ओलांडून रुग्णवाहिकेकडे पळत सुटली, "डॉक्टर, लवकर चला! माझी सून मला उलट बोलली नाही!"