चौकटीला न टेकलेला

“मला कुणी चिकटलेलं चालत नाही,” असं म्हणत अध्यक्ष ग्वाक दोक-सू यांनी फ्रेमवाल्या प्योचा हात फोटोवरून झटकला. “माणूस असो नाहीतर चौकट.”

हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलावर जाड कापड अंथरून त्यावर फोटो ठेवला होता. दारापेक्षा रुंद, कृष्णधवल, नुसता चेहरा आणि खांदे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तो असा बसवला होता की आता सोलायला गेलं तर चेहऱ्याचीच साल निघेल. वर काच नाही. चौकटही त्याला शिवत नाही. चारी बाजूंनी बोटभर फट सोडून ती लांबून उभी राहते आणि फोटो मधोमध तरंगल्यासारखा दिसतो. सोल शहरातल्या एका कलादालनात अध्यक्षांनी असे फोटो पाहिले होते आणि तेव्हापासून आपणही तरंगायचं असं त्यांनी मनावर घेतलं होतं. माशांच्या वड्या विकून बुसानमध्ये कारखाने उभे केलेल्या माणसाला जमिनीवर राहवत नाही.

प्योने दोन चौकटी आणल्या होत्या. एक फिकट लाकडी, एक काळी.

“काळी,” अध्यक्ष म्हणाले.

प्योने घसा खाकरला. कृष्णधवल चेहरा, काळी चौकट, खाली फळांनी रचलेलं टेबल. असा फोटो कुठे लावतात हे बुसानमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. इस्पितळाच्या तळघरातला तो अंत्यविधीचा हॉल सगळ्यांनी पाहिलेला असतो, कुणाला तरी पोचवायला गेल्यावर.

“लाकडी जरा प्रसन्न दिसेल, साहेब.”

“मी प्रसन्न दिसतो?”

“नाही, साहेब.”

“मग? काळीच लाव.”

प्योने फोटो पालथा केला, चौकटीत मागून स्क्रू पिळले आणि दोघा नोकरांना हाताशी घेऊन तो भिंतीवर चढवला.

मुलगा इन-ग्यू बाजूलाच उभा होता. आज बाबांचा सत्तरावा वाढदिवस, आणि जेवणं झाली की कंपनी कुणाच्या हाती द्यायची ते बाबा जाहीर करणार होते: मुलाच्या की जावयाच्या. बावीस वर्षं इन-ग्यू या एका दिवसासाठी जगला होता. प्योला जे दिसलं ते त्यालाही दिसलं. त्याने ते गिळलं.

“भारदस्त दिसतंय, बाबा.”

“तुला विचारलं?”

“नाही, बाबा.”

जावई त्याहून हुशार. दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करत तो म्हणाला, “अशी चौकट आता परदेशातच दिसते.” अध्यक्ष खूश झाले.

मग पाहुणे आले. बँकेचे साहेब आले, मासळी बाजाराचे दलाल आले, कारखान्यांचे मॅनेजर बायकांसह आले. दारातून आत येताच प्रत्येकाचा चेहरा आपोआप दुखवट्याचा व्हायचा. मग फोटोखालच्या खुर्चीत अध्यक्ष जिवंत बसलेले दिसायचे आणि तोच चेहरा घाईघाईने हसरा करावा लागायचा. सगळे म्हणाले, वा. एवढ्या माणसांना एकच गोष्ट दिसत होती आणि एकाचीही जीभ उचलत नव्हती. सगळ्यांच्या जिभा पगारावर ठेवल्या होत्या. वड्यांपेक्षा अध्यक्षांचा खरा धंदा तोच होता.

नमस्काराची वेळ झाली. टेबलावर सफरचंदांचे, खजुरांचे, तांदळाच्या मिठायांचे मनोरे, त्यामागे अध्यक्ष, त्यांच्या डोक्यावर त्यांचाच तो केवढा तरी चेहरा. पहिला मान मुलाचा. इन-ग्यूने गुडघे टेकले, हात जमिनीला लावले, हातांवर कपाळ ठेवलं आणि उठला.

जिवंत माणसाला एक नमस्कार, मेलेल्याला दोन. इथे हे चालायला लागलेल्या पोरालाही कळतं.

उठताना इन-ग्यूची नजर वर गेली. मागच्या हिवाळ्यात आईच्या फोटोपुढे तो असाच उभा होता. पुढचं त्याने काही ठरवलं नाही. गुडघ्यांनीच ठरवलं. तो पुन्हा वाकला.

कपाळ हातांवर टेकल्यावर इन-ग्यूच्या लक्षात आलं, आणि मग त्याला डोकं वर उचलवेना.

“दोन?” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी मान वळवून मागे वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढे पाहिलं, बँकेच्या साहेबांकडे, मॅनेजरांकडे, जावयाकडे. एकेकाने डोळे खाली घातले.

“बरं,” ते म्हणाले. “नमस्कार तर झाले. आता रडूनही घे. सगळं रीतसर होऊ दे.”

जावई हसला. फार मोठ्याने नाही, पण इन-ग्यूला ऐकू जाईल एवढं. त्या हसण्यात इन-ग्यूला आपली कंपनी जाताना दिसली. उजाडायच्या आत कारखान्यात जाऊन घासलेली भांडी, अंगाचा न जाणारा माशांचा वास, गिळलेला प्रत्येक शब्द, ते सगळं एका चुकीच्या नमस्कारात बुडालं. आधी त्याचे खांदे हलले. मग त्याला आवरलंच नाही. त्या गालिच्यावर तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

अध्यक्षांना हे अपेक्षित नव्हतं. कुणी सारवासारव करील, माफी मागेल, एवढंच त्यांना माहीत होतं. आपल्यासाठी कुणी रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि मुलाशेजारी चक्क जमिनीवर बसले. त्यांचा हात मुलाच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

“वेड्या, आहे मी अजून,” ते म्हणाले. “कंपनी तुझीच आहे, दुसऱ्या कुणाची असणार? पण खरं सांग. मी गेल्यावरही असाच रडशील?”

इन-ग्यूने होकारार्थी मान हलवली. रडू मात्र ‘कंपनी तुझीच’ हे कानावर पडलं तेव्हाच थांबलं होतं.