बिनवारशी पट्टा

कचेरीतल्या बाबूने शाईचं पॅड पुढे सरकवलं, तसा नत्थू कुमरेने अंगठा मुठीत लपवला.

"काहून गा, भेला का?" फागू मुकादम हसला. जंगलातल्या त्यांच्या गोंडांच्या गावाहून पाच जण नागपूरच्या या कचेरीत आले होते. मुकादम गावचा कारभारी आणि त्यांत सर्वांत म्हातारा.

नाल्यावर दगड-मातीचा बांध गावाने आपल्याच डोक्याने घातला होता. भर उन्हाळ्यात पाणी टिकलं, तेव्हा सरकारी साहेब बघायला आले आणि खूश होऊन म्हणाले, इंजन देतो, पाणी वरच्या शेतात चढवा. पण इंजन हवं तर जमिनीचा पट्टा हवा, आणि पट्टा एकाच माणसाच्या नावावर. बापजाद्यांपासून ती जमीन सारं गाव पाळीपाळीने कसायचं. गावकरी म्हणाले, मग गावाच्याच नावावर करा ना! बाबू म्हणाला होता, "गावाला अंगठा असतो का?"

झालं. गावाची बैठक बसली आणि नत्थूचं नाव ठरलं. लग्नाला तप उलटलं तरी लेकरू नाही, भाऊबंद नाही. तो गेला की जमीन आपसूक गावाची. कायदा असा भोळा नसतो, हे सांगायला तिथे कोण होतं?

आणि आज पहाटे, एसटीला निघताना, बायको कौसल्या त्याच्या कानाशी लागली. "आयकलं का, मले दिवस गेले."

ज्यासाठी इतके नवस केले, ते ऐकून नत्थूला आधी इंजन आठवलं. सांगावं तर गावात दुसरा बिनवारशी माणूस नाही, इंजन जातं. न सांगावं तर उद्या पोरगं म्हणेल, माझ्या बापाची जमीन. मग सारं गाव पाण्यासाठी त्याच्या दारात उभं राहील.

"आटपा, मालक," बाबू म्हणाला.

जन्मात त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. नत्थूची मूठ उघडली. अंगठा कागदावर उमटला.

बाहेर नळावर मुकादम स्वतः त्याचा अंगठा धुऊन देऊ लागला.

"मुकादम, कौसल्याले दिवस गेले हायेत."

मुकादमाचा हात थांबला. "कवा समजलं तुले?"

"पहाटे."

"मंग आत काहून नाई बोलला?"

"बोलनारच होतो." नत्थूने अंगठ्याकडे पाहिलं. "पन बाबूनं मालक म्हनलं, अन् मले बरं वाटलं. त्याचंच भेव वाटून राहिलं आता."

मुकादमाने नळ बंद केला. मग त्याने बाकीच्या तिघांना हाक मारली. "या गा इकडं. बैठक हाय."

कचेरीच्या अंगणात, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेतच, पाचही जण गोल करून बसले. नत्थूचा काळा अंगठा अजून मुकादमाच्या मुठीत होता.